सासूबाईंच्या ऑपरेशनचं बिल

मंडळी, एक विचारतो, मनाशी खरं उत्तर द्या! हक्काची गोष्ट आहे, पण खरं सांगून मिळत नाही. तिथं थोडं खोटं चालतं का? — अहो, लगेच माना हलवू नका! इन्कमटॅक्सचा फॉर्म भरणारे इथं पुष्कळ बसलेत!

ऐका तर. साखर कारखान्यात विलास फडतरे म्हणून केमिस्ट. त्याची बायको वैजयंता. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या! आठवड्यातून तीनदा डायलिसिस. विलासचा रक्तगट जुळेना. जुळला कुणाचा? तिच्या सासूचा! विलासच्या आईचा, अनुसयाबाईंचा! — हसताय काय? सासू-सुनेचं काहीतरी जुळलं म्हणून? — बाई म्हणाल्या, "काढा माझी. दोन हायेत, एक पुरंल!"

ऑपरेशनं झाली. सून वाचली. विलासनं दोन्ही बिलं लावून करात सूट मागितली. आजारी बायकोच्या उपचाराची सूट कायद्यातच आहे. पण इन्कमटॅक्सकडून उत्तर काय आलं? 'पत्नीचं बिल ग्राह्य. आईचं नामंजूर. आईंना आजार नव्हता!'

विलासचे टॅक्सचे कागद बघणारा सल्लागार म्हणाला, "सोपं आहे. दवाखान्याकडून सगळं बायकोच्या नावानं एकच बिल बनवून घ्या. कोण बघतंय?"

वैजयंता रडायलाच लागली. "राहू दे ती सूट. माझ्यापायी आईंनी पोट फाडून घेतलं, आणि आता ते झालंच नाही असं लिहायचं?"

अनुसयाबाई ताडकन उठल्या! "खोटं बिल न्हाई, आन् सूटबी सोडायची न्हाई! मी काय चोरून दिली व्हय किडनी? इलास, अपील कर. मी बोलते सायबाशी!"

विलासनं अपील केलं. सुनावणी कुठं? कॉम्प्युटरवर! पडद्यावर साहेब, इकडं विलास, शेजारी नऊवारीतल्या अनुसयाबाई. पदर सारखा करून बसल्या ताठ!

साहेबांनी विचारलं, "आजी, तुम्हाला आजार कोणता होता?"

"कुठलाच न्हाई! आजारी असते, तर डाक्टरनं माझी किडनी घेतली असती का?"

"मग तुमच्यावर उपचार कसला झाला?"

"माझ्यावर न्हाईच झाला, सायेब! झाला तो सुनंवर. तिला लावलेली सलाईनची बाटली तुमी खर्चात धरली. मग जिच्यावर ती जगली, ती किडनी काढायचा खर्च कुणाचा? माझं पोट उघडल्याबिगर तिचं दुखणं बरं झालं असतं का? तेवढं सांगा!"

साहेबांनी चष्मा काढला. "सर्जनचं तसं पत्र आहे?"

विलासनं पत्र पाठवलं: दोन शस्त्रक्रिया, पण उपचार एकच.

महिन्यानं निकाल आला. वैजयंता मोठ्यांदा वाचू लागली, "दात्याची शस्त्रक्रिया हा रुग्णाच्याच उपचाराचा भाग आहे. अपील मंजूर!" कायद्याच्या मर्यादेत बसेल तेवढी सूट मिळाली. विलासनं आईच्या पायावर डोकं ठेवलं. आणि अनुसयाबाई? कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "व्हय गं, पुन्ना वाच! शेजारणीला ऐकू गेलं न्हाई!"

वाजवा टाळ्या! त्या माउलीसाठी वाजवा!

जिंकली कशानं, मंडळी? चौथी शिकलेली बाई! खऱ्याची लाज धरली नाही, आणि हक्क सोडला नाही. आपण काय करतो? खरं सांगून भांडायचा कंटाळा, म्हणून खोटं लिहून मोकळे! उद्या सही करायला पेन उचलाल, तेव्हा क्षणभर थांबा. वरचा मजकूर देवापुढं मोठ्यानं वाचता येईल का? येत असेल, तर करा सही — आणि मग कुणाच्या बापाला भिऊ नका! बोला, विठ्ठल विठ्ठल!