नरहरभटांची जपानी आणि सिस्टरांची चिनी

बसा मंडळी, बसा. मागच्यांनी जरा पुढे सरका. खांबाला टेकलं की झोप लवकर लागते, आणि तुमचं घोरणं काही आमच्या तबलजींच्या ठेक्यात बसत नाही. हां, आता कसं! पेटीवाले, सूर धरून ठेवा. देवाचं नाव एकदा मनातल्या मनात घ्या, म्हणजे माझ्या बोलण्यातलं उणंदुणं तो सांभाळून घेईल.

तर आजचा प्रश्न! पोथीतला नाही, नाक्यावरचा आहे. मगाशी देवळाकडे येत होतो, तर वाटेत एका गृहस्थांनी गाठलं. नाव सांगत नाही, समोरच बसलेत आणि आत्ताच मान खाली घातलीय. म्हणाले, "बुवा, स्कूटर घ्यायचीय. चिनी घेऊ की जपानी?" अहो, मला विचारायचं तर जीव आणि शिव विचारा! हे काय? पण मग चालता चालता मनात म्हटलं, प्रश्न वरवर दिसतो तेवढा उथळ नाही. स्वस्त घ्यावं की महाग घ्यावं? चांगली वस्तू म्हणायची तरी कशाला? जिला जास्त पैसे पडले तिला? जी जास्त दिवस नवी दिसते तिला?

मी उत्तर देणार नाही. मी गोष्ट सांगणार. उत्तर आरतीच्या आधी तुम्ही मला द्यायचं.

ऐका तर. कोकणात, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या खाली, कातळगाव नावाचं गाव. तिथे नरहरभट पाध्ये म्हणून भिक्षुक. माणूस विद्वान, वाणी शुद्ध, आवाज असा की मंगलाष्टकं म्हणायला लागले की कर्ण्याची गरज नाही. आसपासच्या सात वाड्यांत लग्न असो, मुंज असो, हेच! आणि सगळीकडे जायचे कसे? एसटीने. नाहीतर पायी. गुडघे बोलायला लागले तेव्हा बायको, सुमतीकाकू, म्हणाल्या, "अहो, आता एक स्कूटर घ्या. देव काही म्हणणार नाही."

झालं! नरहरभट दुकानात गेले. तिथे दोन स्कूटर शेजारी शेजारी उभ्या. एक चिनी. रंग लाल, कडेला निळे दिवे, जणू वरातीला निघालीय. किंमत अगदी आवाक्यातली. आणि दुसरी जपानी. शांत, करडी, अंगावर एक रेघ जास्त नाही. किंमत ऐकली आणि भटजींनी संध्येशिवायच आचमन केलं!

गावात उस्मान मिस्त्री म्हणून गॅरेजवाला होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, खरं सांगतो. जपानी बिघडत नाही. चिनी बिघडल्याशिवाय राहत नाही. झेपत असेल तर जपानीच घ्या."

भटजींनी साठवणीतलं सगळं काढलं आणि जपानी घेतली. मंडळी, यात काही चुकलं का? नाही! चांगली वस्तू घ्यावी. चूक पुढे आहे.

त्याच महिन्यात चिनी कुणी घेतली? उपकेंद्राच्या नर्सबाईंनी. मंदा शिगवण त्यांचं नाव, सगळं गाव सिस्टर म्हणे. त्यांनी उस्मानला वेगळं विचारलं. "मिस्त्री, मला जपानी झेपायची नाही. ही बिघडेल ते कळलं. पण बिघडली तर माझी मला दुरुस्त करता येईल का?" उस्मान म्हणाला, "सिस्टर, ही तुम्हाला शिकवल्याशिवाय सोडणारच नाही."

आणि खरंच शिकवलं! सोमवारी प्लग, मंगळवारी केबल, बुधवारी आरसा गळाला. आणि हॉर्न! तो एक तर वाजायचा नाही, आणि वाजला तर थांबायचा नाही. सिस्टर वाडीच्या वळणावर आल्या की हॉर्न सुरू, आणि लस टोचायची पोरं माळ्यावर पसार! पण सहा महिन्यांत त्या बाईला त्या गाडीचा स्क्रू न् स्क्रू ठाऊक झाला. केसांतली आकडी काढायची, प्लग खरवडायचा, आकडी परत केसात, आणि चालल्या.

आणि इकडे भटजींची जपानी? ती गाडी दारात आली, तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, देवळाला एक प्रदक्षिणा घातली. तेवढीच तिची धाव! मग पडवीत उभी केली. सीटवरचं प्लास्टिक तसंच. त्यावर चादर. चादरीवर धुतलेलं धोतर. रोज पूजा झाली की भटजी ताम्हन घेऊन बाहेर यायचे, गाडीच्या दिव्याला गंध लावायचे, फूल वाहायचे.

आणि ऐका हं, पुढचं नीट ऐका. हे फक्त आपल्यातलाच माणूस करू शकतो. भटजींनी विचार केला, नुसतं फूल काय वाहायचं? तीर्थ द्यायला हवं. पण तीर्थ घ्यायचं तोंडाने. गाडीचं तोंड कुठलं? जिथून ती पिते ते! झाकण उघडायचं, आणि पळीभर तीर्थ पेट्रोलच्या टाकीत! रोज! एकादशीला तुळशीपत्रासकट!

हसताय? हसा. तुमच्या घरच्या टीव्हीच्या रिमोटवर अजून प्लास्टिक आहे, ते मी पाहिलंय.

सुमतीकाकू म्हणायच्या, "अहो, मला एकदा बाजारापर्यंत न्या की." भटजी म्हणायचे, "खड्डे फार आहेत. गाडी खिळखिळी होईल." काकू म्हणाल्या, "मी या घरात आले तेव्हा माझ्यावर कुणी चादर घातली नव्हती. पहिल्या दिवसापासून विहिरीवर जुंपली!" भटजी आत निघून गेले.

आणि मग एक संध्याकाळ आली. सिस्टर धावत दारात आल्या. "काका, सडेवाडीत एक पोर तापाने फणफणलंय. माझ्या गाडीचा पट्टा तुटला. तुमची गाडी तासाभराला देता का?"

भटजींनी गाडीकडे बघितलं. सिस्टरांच्या चिखलाने भरलेल्या चपलांकडे बघितलं. आणि म्हणाले, "आज अमावास्या आहे हो. नवी गाडी घाटात कशी काढू?"

सिस्टर वळल्या. औषधांची पिशवी खांद्याला लावली आणि चालू लागल्या. घाट चढून दोन तास. पोर वाचलं, देवाची कृपा. पण त्या बाईच्या पायाला फोड आले, आणि चार दिवस ती लंगडत होती. भटजींना ते दिसत होतं. त्यांनी काय केलं? रस्त्यात ती समोरून आली की पंचांगात डोकं घालायचे. मंडळी, मला इथे वाईट वाटतं. कारण नरहरभट दुष्ट नव्हते. आपल्यासारखेच होते.

आता बघा देव कसा गाठतो ते!

त्याच सडेवाडीत सावित्री साळवी नावाची बाई. नवरा गेलेला. मुलगी इंदू, तिचं लग्न ठरलं. मुलाकडचे तसे नाराजच होते. बापाविना पोर, कशाला करायची, असं घरात बोलणं झालेलं. त्यातून मुलाचे वडील गोविंदराव सुर्वे. एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक! जन्मभर स्टँडवर गाड्या सोडल्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मुहूर्त बारा वाजून नऊ मिनिटांचा. माझी गाडी वेळेवर सुटते. भटजी वेळेत आले नाहीत तर आम्ही उठलो." आणि आसपास भिक्षुक एकच.

लग्नाचा दिवस. भटजी सकाळी सोवळं नेसून, पंचांग काखेत, एसटीच्या थांब्यावर. दहाची गाडी येईना. साडेदहा झाले. कुणीतरी सांगितलं, आज गाडी रद्द! पायी दोन तास, आणि हातात दीड. इंदूचं लग्न मोडणार, आणि ते यांच्यामुळे मोडणार!

भटजी धावत घरी. गाडीवरचं धोतर काढलं, चादर काढली. प्लास्टिक मात्र ठेवलं हं! बटण दाबलं, आणि जपानी ती, एका दमात सुरू. भटजींचा ऊर भरून आला. "बघ सुमती, म्हणून महाग घ्यावं!" काकू म्हणाल्या, "आधी पोचा."

गाव गेलं. नदीवरचा साकव गेला. घाटाचा पहिला चढ आला, आणि गाडी एकदा शिंकली. दुसऱ्यांदा शिंकली. आणि बसली! भटजींनी बटण दाबलं, गोंजारलं, रामरक्षा म्हटली. ढिम्म! वर ऊन, खाली कातळ, आणि घड्याळात अकरा वीस. भटजी त्या गाडीशेजारी उकिडवे बसले आणि मंडळी, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडीसाठी नाही. सावित्रीबाई मांडवाच्या दारात वाट बघत उभी असेल, ती त्यांना दिसत होती.

आणि खालून आवाज आला. खडखड, खडखड. कोण? सिस्टर! मांडीवर लशीची निळी पेटी, एका आरशाची जागा रिकामी.

तुम्ही सिस्टरांच्या जागी असता तर काय म्हटलं असतं? खरं सांगा. मी म्हटलं असतं, "काय काका, आज अमावास्या नाही वाटतं?" आणि पुढे निघून गेलो असतो.

सिस्टर थांबल्या. म्हणाल्या, "काका, बसा मागे. ही पेटी तुमच्या मांडीवर घ्या."

निघाली वरात! सोवळ्यातले भटजी, मांडीवर लस, काखेत पंचांग. अर्ध्या चढावर चिनी कुरकुरली. सिस्टर म्हणाल्या, "काका, इथे ही दोघांना घेत नाही. उतरा आणि ढकला." आणि ज्या माणसाने स्वतःच्या गाडीला कुणाचं बोट लागू दिलं नाही, तो पितांबर खोचून दुसऱ्याची गाडी ढकलतोय! वर आल्यावर प्लग गेला. आकडी निघाली. "काका, पुसायला कोरडं कापड?" भटजींनी मुकाट्याने खांद्यावरचं उपरणं दिलं. पांढरंशुभ्र उपरणं, काळंकुट्ट परत आलं. गाडी पेटली आणि त्या धक्क्याने हॉर्न लागला. लागला तो लागलाच!

आता मांडवात या. बारा वाजून एक मिनिट. इंदू पाटाशेजारी उभी, डोळे वाळलेले. सावित्रीबाई दारात. सुर्वे घड्याळ बघून उठले. "चला. गाडी लागत नाही." माणसं चपला शोधायला लागली.

आणि घाटातून आवाज आला. पों! एकसारखा! सुर्वे थबकले. मान तिरकी केली. अहो, पस्तीस वर्षं गाड्यांचे आवाज ऐकलेला कान तो! म्हणाले, "शेवटच्या वळणावर आहे. लोड जास्त आहे. सहा मिनिटांत लागते. बसा सगळे!"

बरोबर सहा मिनिटांनी चिनी मांडवाला लागली. भटजी उतरले, तोंडावर धूळ, खांद्यावर काळं उपरणं. वेळ दोन मिनिटं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी सात मंगलाष्टकं गाळली आणि एकच म्हटलं. वऱ्हाडी इतके खूश झाले की विचारू नका! बारा नऊला अक्षता पडल्या. बाहेर हॉर्न चालूच. वाजंत्रीवाल्यांनी शेवटी त्याचाच सूर धरला.

लग्न लागलं. भटजी न जेवता सिस्टरांकडे गेले. त्या वायर सोडवत होत्या. भटजी म्हणाले, "मंदाताई, त्या दिवशी मी तुम्हाला नाही म्हटलं. तुम्ही आज मला का घेतलंत?"

सिस्टर म्हणाल्या, "राग होता काका. अजून आहे. पण पोर वर उभी होती ना."

एवढंच. मंडळी, मी बत्तीस वर्षं कीर्तन करतोय. मला एवढ्या थोडक्यात कधी जमलं नाही.

संध्याकाळी उस्मानने घाटातून आणलेल्या जपानीची टाकी रिकामी केली. तळातून निघालं पाणी. आणि नळीच्या तोंडाशी अडकलेलं तुळशीचं पान! उस्मानने ते पान चिमटीत धरून वर केलं. मग म्हणाला, "काका, गाडीत खोट काही नाही. पण तिला पेट्रोल लागतं. तीर्थ माणसाला लागतं."

दुसऱ्या दिवशी भटजींनी स्वतःच्या हाताने सीटवरचं प्लास्टिक फाडलं. पहिली फेरी सुमतीकाकूंची, बाजारापर्यंत! काकू परत आल्या त्या गावाला दिसेल अशा बसून. आणि मग चावी? ती भटजींनी देवळाच्या दारात खिळ्याला टांगली. ज्याच्या घरी आजारी माणूस असेल, त्याने न विचारता न्यावी. आज त्या गाडीवर ओरखडे किती विचाराल, तर भटजीच मोजून दाखवतात, कौतुकाने. हा सडेवाडीच्या बाळंतिणीचा, हा शाळेच्या परीक्षेचा. आणि अमावास्येलासुद्धा गाडी घाट चढते.

आता सांगा उत्तर! चिनी की जपानी?

जपानीच चांगली हो! उस्मान खोटं बोलला नव्हता. झेपत असेल तर तीच घ्या. पण चादरीखालची जपानी आणि घाटातली चिनी यांत मला विचाराल, तर मी हॉर्न ऐकून घेईन.

आणि गाडीचं राहू द्या. देवाने तुम्हा-आम्हाला जी गाडी दिली, दोन हात, दोन पाय, गोड बोलणारी जीभ, ती सगळी जपानी आहे, बरं का! बनावटीत खोट नाही. आणि आपण काय करतो? गंध लावतो, फूल वाहतो, आत रोज पळीभर तीर्थ ओततो. आणि दारात कुणी आलं की आपली अमावास्या असते.

बास. फार बोललो. आता आरती. पण त्याआधी एक सांगतो. मी येताना बाहेर मोजल्या, अठरा स्कूटर उभ्या आहेत. आणि त्या खांबाजवळ बायजाआजी बसल्यात, टेकडीपलीकडच्या वाडीतून पायी आल्यात, काठी टेकत. आजी, उठू नका, बसा. तुमची सोय होतेय.

आरती झाली की मी पायरीवर उभा राहणार आहे. कोणती चिनी, कोणती जपानी ते बघणार नाही. कुणाची मागची सीट रिकामी जाते, तेवढं बघणार आहे.

लावा निरांजन.