काकूंची खुर्ची

—नाही हो, त्या खुर्चीवर नका बसू. म्हणजे बसा, पण ती कोणाची आहे ते ऐकून बसा. माझी आहे. असू दे, असू दे, आता टेकलात ना! वायरमनदादा, जपून हो, तो स्टूल एका पायाने लंगडा आहे! पंख्यापायी तुम्हीच खाली याल — हां, तर काय सांगत होते? महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या या वरच्या खोलीत अकरा जण जमतात आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर बनवतात. म्हणजे काय? मलाही कुठे कळलं होतं! असं बघा, मी कपडे शिवते. माझं कागदाचं कटिंग मी शेजारणीला दिलं, म्हटलं घे, वापर, बाही लांब हवी तर लांब कर, आणि बरं जमलं तर मलाही दाखव — झालं, तसंच हे. यांचं वाचनालयांसाठी आहे, कोणतं पुस्तक कोणी नेलं, परत आलं का, ते बघायला. आतलं सगळं उघडं. कोणीही बघा, कोणीही सुधारा.

मी कशी आले यांच्यात? पडद्यांची मापं घ्यायला आले होते, दोन वर्षांपूर्वी. गळ्यात टेप, हातात वही. तर तो दाढीवाला — यांचा म्होरक्या — म्हणाला, काकू, एक पुस्तक परत आलं असं जरा नोंदवून दाखवता का? बसले, आणि दाबलं भलतंच. चार हजार पुस्तकं स्क्रीनवरून गायब! माझ्या तोंडचं पाणी पळालं. आणि हे लोक काय करतात? टाळ्या वाजवतात! म्हणे सहा महिने आम्ही सगळे शहाणे हे वापरतोय, ही चूक एकालाही सापडली नाही. तेव्हापासून नवं काही केलं की आधी मी बसायचं, मनाला येईल ते दाबायचं, आणि यांनी मागे उभं राहायचं, हात मागे बांधून, चकार शब्द न काढता. नियमच आहे तो. सांगितलं तर माणूस कुठे अडतो ते कळणार कसं? अहो, घरी मी दोन वाक्यं बोलले की आमचे हे टीव्हीचा आवाज वाढवतात. आणि इथे अकरा माणसं श्वास रोखून बघतात, काकू आता बोट कुठे ठेवतात! शनिवारपासूनच माझा पाय घरात ठरत नाही.

तुम्हाला येतं का हो कॉम्प्युटरमधलं? … अजिबात नाही? या वायरमनदादांसारखंच म्हणा — ते मघाशी म्हणाले, माझा संबंध फक्त प्लगपर्यंत. बरं, मग आज इकडे कसे? … दाढीवाल्याने बोलावलं? … कशाला? … बटणं दाबून बघायला.

अस्सं.

म्हणजे त्याला संशय आलाय. कोणाला सांगू नका हं, पण — मला कळायला लागलंय. दोन वर्षं बघून बघून दगडालाही कळेल! दोन महिन्यांपूर्वी नवी यादी कुठे ठेवलीय ते मला बसल्या बसल्या दिसलं. तरी मी चष्मा पुसला, अगंबाई म्हटलं, तीनदा चुकीच्या जागी दाबलं. नाटक, सगळं नाटक! सुनेच्या फोनचं काही अडलं की मीच करून देते आणि तिला बजावते, बाहेर बोलशील तर याद राख. कारण मला येतंय म्हटल्यावर इथे मला कोण विचारणार? पडदे तर केव्हाच लागले.

पण तुम्ही अगदीच कोरे हो. चारचौघांत फजिती होईल. या, सांगून ठेवते. या तीन आडव्या रेघा दिसतात ना, यादी तिथे. पुस्तक परत आलं की हिरवं बटण. लाल नाही हं, लाल दाबलं की नोंदच पुसली जाते. आणि चुकलंच तर हा वळलेला बाण, सगळं होतं तसं. म्हणून दाखवा बघू. … वा! हुशार आहात. आता तुम्हाला कोणी अडाणी म्हणेल तर शपथ!

अगंबाई! दाढीवाल्या, तू कधीपासून उभा आहेस रे मागे? … पडद्यांपासून? मग राहिलं काय ऐकायचं! हो, कळतं मला. फसवलं तुम्हाला. काढून टाक मला, हो मोकळा. … काय? माहीत होतं? … सगळ्यांना? आणि तरी दर महिन्याला हात मागे बांधून उभे राहत होता? कशाला रे? … मी नसले तर कोणाला यावंसंच वाटत नाही? मेल्या, मग बोलायचं नाही आधी? दोन महिने झोप नाही मला! … रडत नाहीये. वर पंखा झाडतायत ना, धूळ गेली डोळ्यात.

पण आता आजचं काय? हे तर बाद झाले, मीच शिकवून ठेवलं सगळं. … थांब. वायरमनदादा! पंखा राहू दे, खाली या. हात पुसा आणि बसा इथे. तुम्ही उठा हो, गेली तुमची खुर्ची. गेली म्हणजे दोघांचीही गेली. या, माझ्या शेजारी उभे राहा. हात मागे बांधा, असे. दाढीवाल्या, सरक तिकडे, मला दिसत नाही. हं, वायरमनदादा, एक पुस्तक परत आलंय, नोंदवा बघू. … अहो दादा, ते लाल—

नाही, नाही. चालू द्या तुमचं.