समीक्षाच्या कात्रीची पूजा

"हॅलो? … कोण, समीक्षा? अगो बाय, आवाज असा का? रडतेस का?"

त्या काळी किन्हवलीत घरात फोन बसवला की त्याला क्रोशाचा रुमाल घालायची पद्धत होती. गिरजाआत्याने तो रुमाल घाईघाईत खांद्यावर टाकला. खंडेनवमीचा दिवस. ओटीवर कोयते, विळे, नांगराचा फाळ हळदकुंकू लावून मानाने बसले होते, आणि पुण्याच्या प्रयोगशाळेतून भाची रडत होती.

"सोडून येतेस? म्हणजे कायमची? … हो, हो … अगं ऐक ना. कोण म्हणालं? सर? तुझ्या हाताला यश नाय? त्यानं तुझ्या हातची भाकरी तरी खाल्लीय काय! … सोमवारपासून तुझं काम दुसऱ्याला? … पण तीन महिने जमत नाय ते काय? … विषाणूतला तुकडा कापायचा, साध्या जंतूत चिकटवायचा, मग तो काय करतो ते बघायचं. बरं. आणि तुलाच काय झालं तर? … नुसत्या त्या तुकड्यानं रोग होत नाय. म्हणजे विंचवाचा एक पाय काढून बघायचा, विंचू नाय. कळलं. आणि कापतेस कशानं? … बाटलीतलं रसायन? म्हणजे डोळ्यांना दिसत नाय अशी कात्री?"

आत्याने नवऱ्याकडे, महिपतमामांकडे, पाहिलं. मामा कांदा बुक्कीने फोडत होते, कारण विळीसुद्धा पूजेला बसली होती.

"समे, त्या कात्रीची पूजा केलीस? … हसू नको. वर्षभर राबवायची आणि आज एक फूलसुद्धा नाय? कुठली कात्री चालेल गो? … कुठं असते ती? फ्रीजरमध्ये? मग जा तिथं. … सुट्टीच्या दिवशी सामान न्यायला आलीस ना? मग एवढं करूनच जा. … झेंडू नाय तर नाय, नमस्कार कर. … बंद दाराला कसला नमस्कार? उघड दार! … काय? पाणी? कसलं पाणी? … बर्फ कुठं गेला? … बटण बघ गो. … बंद? कुणी केलं? … वॉचमन आहे ना, त्याला विचार. मी धरते फोन."

"काय झालं?" मामा म्हणाले.

"गप बसा. पूजा चालू आहे. … हां, बोल. … सुट्टी आली की बंद? दर रविवारी? आणि सोमवारी तुम्ही यायच्या आधी चालू? … वीज वाचवायला. चांगलं आहे. पण सांगितलं कुणी? … सरांनी? कुठल्या सरांनी? … तेच? तुझा हात बघणारे?"

आत्या पाटावर बसलीच.

"थांब, थांब. ती कात्री गारठ्यातच टिकते? … आणि ऊब लागली की धार जाते? अगो, लोडशेडिंगमध्ये आमचं दूध असंच नासतं! तीन महिने तू नासक्या दुधाला विरजण लावत होतीस, बाय. दही लागणार कसं? … तुझ्या हातात काय खोट नव्हती. ऐकलंस? परत सांगते. नव्हती. … आता का रडतेस? … बरं, रड आणि हस, दोन्ही कर. … नको, भांडू नको त्याच्याशी. गोड बोल. म्हण, सर, नवी कात्री मागवा आणि बटणापासून लांब राहा. … सामान? ठेव परत कपाटात. … इथं दिवाळीला ये. आता काय करशील येऊन, कापणीला तुझा काय उपयोग? … हो, हो … पुसलंस का नाक? … ठेव आता."

फोन ठेवून आत्या पाटावरून उठली. मग ओटीवरून ताट आणलं, फोनला हळदकुंकवाची दोन बोटं लावली, वर एक झेंडू ठेवला आणि रुमाल नीट पांघरला.

तेवढ्यात फोन पुन्हा खणखणला. मामांनी हात पुढे केला.

"हात लावू नका!" आत्या ओरडली. "हत्यार आहे ते. आज त्याला सुट्टी."