गुरुवारची लाल खूण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या वर्कशॉपचे मॅनेजर माननीय चंद्रप्रकाशजी, आज निवृत्त होणारे टाइमकीपर श्री. ह्युबर्ट डिमेलो, त्यांच्या शेजारी बसलेल्या सौ. कॉन्सेप्टाबाई, आणि भाषणं कधी संपतात नि बटाटेवडे कधी येतात याकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या साकीनाक्याच्या बंधूंनो,

डिमेलोसाहेबांविषयी चार गोड शब्द बोल, असं मला सांगण्यात आलं. ते चार शोधायला आठवडा गेला. आठ वाजून पाच मिनिटं झाली की मस्टरवर लाल खूण करणारा, आणि तीन खुणा झाल्या की अर्धा दिवस रजा कापणारा हा माणूस. कुणाच्या घरी मयत झालं, तरी आधी ‘किती वाजता?’ विचारणार. अशा माणसावर किती प्रेम करावं?

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर माझ्या आईला, सुंदराबाईंना, डाव्या खांद्यावर नागीण उठली. तेव्हा कळलं की आपल्या खात्यात फिटर कमी आणि वैद्य जास्त. स्टोअरच्या सीतारामने गेरू दिला, दूर्वा-तांदळाचा लेप सांगितला, आणि जाता जाता धीरही दिला, “तोंड नि शेपूट मिळू देऊ नको रे. मिळालं की खेळ खलास!” केवढा आधार वाटला आईला!

फोड वाळले. आम्ही देवाला नारळ फोडला. आणि खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं. खांद्याला पदर नुसता टेकला तरी आई किंचाळायची. पदराशिवाय ती दारात तरी कशी उभी राहणार? सहा महिने घाटकोपरच्या खोलीबाहेर पडली नाही. डॉक्टर मात्र एकाहून एक लाभले. एकाला गॅस दिसला. दुसऱ्याने खांद्याचा फोटो काढायला लावला आणि फोटो झकास आल्याबद्दल आमचं अभिनंदन केलं. तिसऱ्याने माझ्या बायकोकडे बघून विचारलं, “घरात पटतं ना?”

एका सकाळी आई म्हणाली, “काशीराम, माका आता सोसवत नाय रे. देवाक सांग, ने म्हणान.”

ते ऐकून मी गेटवर आलो. आठ बारा. लाल खूण! मी सगळ्यांसमोर ओरडलो, “तुला काय कळणार रे दुखणं!”

साहेबांनी मस्टरचं शेवटचं पान उलटून माझ्यापुढे धरलं. डिमेलो एच. दर गुरुवारी लाल खूण, स्वतःच्याच हाताची. गुरुवारी साहेब चर्चमुळे उशिरा येतात, असं आपण समजत होतो.

“मोठ्या हॉस्पिटलात जातो,” ते म्हणाले. “गुरुवारी नुसत्या दुखण्यावरचा डॉक्टर बसतो तिथे. माझी बोटं दुखतात ना.”

“कुठली?”

त्यांनी डावा पंजा वर केला. प्रेस मशीनमध्ये दोन बोटं गेली म्हणून तर कंपनीने त्यांना गेटवर बसवलं होतं. “ही दोन. नाहीत ती. मला पण लोक येडा म्हणाले. मदरला घेऊन ये. सातला नंबर लाव, उशीर करू नको.”

त्या डॉक्टरांनी आईला हात लावण्याआधी विचारलं, “आजी, पदर सोसतो का?” आई तिथेच रडली. मीही रडलो. नागीण गेली तरी नस दुखावलेली राहते, म्हणाले. लहानशी गोळी दिली. दुखणं पुरतं जाणार नाही, हेही सांगून टाकलं. नाहीच गेलं. निम्म्यावर आलं. पण निम्मं म्हणजे काय, ते पूर्ण भोगलेल्यालाच कळतं.

त्या दिवशी हॉस्पिटलातून साहेब आणि मी एकत्रच कामावर आलो. वाटलं, आज तरी माफी असेल. साहेबांनी लाल पेन काढलं. आधी स्वतःच्या नावापुढे, मग माझ्या.

आज तिसऱ्या रांगेत आई बसली आहे. डाव्या खांद्यावर पदर घेऊन. साहेब, तेव्हाचे ते शब्द मी आज सगळ्यांदेखत मागे घेतो.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, उपकार आहेत. काही वेडंवाकडं बोललो असेन तर पोटात घाला. मला पाच मिनिटं दिली होती, सात झाली. डिमेलोसाहेब, पेन खिशात असेलच. करा खूण.