राजकन्या बुडाली, पान एकशे ब्याण्णव

"हॅलो?… हॅलो, अनुपमा?… अगं मी!… मी कोण काय, उत्तरा! मुलुंडहून… ओळखलं होतंस ना, मग 'कोण' कशाला विचारलंस?"

रविवारची दुपार. मार्तंडराव जेवून आडवे झाले होते. फोनच्या डायलला त्यांनी एक चिमुकलं कुलूप घातलेलं असे आणि त्याची किल्ली सदऱ्याच्या खिशात ठेवून ते झोपत. ती किल्ली त्यांच्या घोरण्यात खंड न पडता काढून घेणं उत्तराबाईंना संसारात शिकता आलेल्या मोजक्या कलांपैकी एक होतं.

त्यांची सोळा वर्षांची एकुलती एक मुलगी, माणिक, सकाळीच घाटकोपरला अनुपमाकडे गेली होती. दर रविवारी जायची. अनुपमा म्हणजे उत्तराबाईंची कॉलेजातली मैत्रीण. बँकेत नोकरी, लग्न नाही, घरभर पुस्तकं. यातल्या कुठल्याही गोष्टीचा आपल्याला हेवा वाटत नाही, असं उत्तराबाई स्वतःला वरचेवर सांगत असत.

"काम नाही गं काही… सहज… सहज म्हणजे सहज! माणसाने सहज फोन करू नये का?… माणिक पोचली ना?… बरं… नको, नको, बोलावू नकोस तिला. बसू दे. मला तुझ्याशीच बोलायचंय… पुस्तकांबद्दल… का? मी पुस्तकांबद्दल बोलू नये असा काही कायदा आहे?… मग हसलीस कशाला?"

"हे बघ, तुम्ही दोघी जे जे वाचता ना, ते ते सगळं मी वाचलंय… हो, सगळं. आमच्या वाचनालयातून आणून… घरात तुझ्याशिवाय विषय नसतो, म्हणून वाचलं! उठता बसता 'अनुमावशी म्हणते'. परवा आमटीत मीठ कमी पडलं, तर म्हणते, असू दे आई, अनुमावशी म्हणते की नायिकेत थोडे दोष हवेत."

यावर पलीकडे अनुपमा इतकी हसली, की उत्तराबाईंनी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला. हसणं संपल्याची खात्री करून घेऊन पुन्हा कानाला लावला.

"झालं हसून?… आता मतं ऐक माझी. ते 'डॉक्टर, जरा थांबा'… हो, तेच. नायिका सावळी. पहिल्याच पानावर लिहिलंय, सावळी. आणि मुखपृष्ठावर पाहिलंस काय काढलंय? पिठाच्या गिरणीत नोकरीला असल्यासारखी पांढरी! चित्र काढणाऱ्याने निदान पहिलं पान वाचायला काय हरकत होती?… तुझंही तेच मत? बरं… मग माझं मत बदलायला हवं."

"पुढे ऐक ना. ते वाकोल्याच्या पीटरचं… मुलगा छान आहे गं. ख्रिश्चन आहे, असू दे, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण सबंध कादंबरीभर नुसता गिटार वाजवतो. एकदा म्हणून जेवताना दिसत नाही. ती शुभदा त्याच्यासाठी आईबाप सोडून निघते, आणि तिला एक प्रश्न पडत नाही की याच्या घरी डबे आहेत का, डब्यांत काही आहे का… ते प्रेम असतं? असेल बाई. आमच्या वेळी प्रेमालाही दोन वेळा भूक लागायची."

"आणि ती पंख फुटलेली मुलगी… ती आवडली मला. खरंच. लंगडते म्हणून सगळे चिडवतात, आणि मग पंख फुटतात. पण पंख फुटल्यावर पाय बरा कशाला करायचा लेखकाने? लंगडी उडू शकत नाही का?… काय?… माणिक हेच म्हणाली? शब्दशः हेच?… तुला म्हणाली… कधी?"

उत्तराबाई दिवाणावर बसल्या. मघापासून उभ्याच होत्या. ज्या मुलीने मत आपलं उचलावं, तिने ते स्वतःचं स्वतः काढावं आणि घाटकोपरला नेऊन द्यावं, याचा आनंद मानायचा की राग, हे त्यांना पटकन ठरवता येईना. शेवटी त्यांनी राग धरला. तो हाताशी होता.

"अनुपमा, एक विचारते. खरं सांग… ती माझ्याशी का नाही बोलत हे सगळं?… नाही, सांग तू. मी काही वाईट वाटून घेणार नाही… काय?… मी शेवट सांगते?… मी? कधी?… आता ते डॉक्टरचं म्हणशील तर डॉक्टर आंधळा होणार हे कुणालाही… तुला नव्हतं माहीत?… अजून वाचते आहेस?… घ्या! आता मला काय स्वप्न पडलं होतं?"

यात उत्तराबाईंचा तसा दोष नव्हता, पद्धत होती. वाचनालयाच्या काउंटरवर उभं राहून पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचं, नायिकेचं नीट लग्न लागलंय की नाही ते पाहायचं, आणि मगच पुस्तक पिशवीत टाकायचं. भाजीवाल्याकडे भेंडीचं टोक मोडून पाहतात, तसं. आणि मोडून पाहिलेली भेंडी घरी आल्यावर चांगली निघाली की वाईट, हे जेवताना सांगायचंच. सातवीपासून माणिकने प्रत्येक कादंबरी अशी शेवट कळल्यावर वाचली होती.

"थांब हं, दार वाजलं… या, शकुवहिनी, या. भावाचा फोन येणार ना कांजूरमार्गहून? आत्ता ठेवते. दोन मिनिटं. बसा… हां, बोल अनुपमा. खालच्या शकुवहिनी आल्यात. त्यांचा फोन यायचाय… हो, आमच्याकडेच येतो सगळ्या बिल्डिंगचा… काय म्हणालीस? मे महिन्याचं काय?"

"महिनाभर?… सबंध महिना?… तुझ्याकडे?… नाही, मला काही बोलली नाही. तुला विचारलंन, मला नाही… मी कशाला रागावू? राहू दे ना. कपडे वगैरे पाठवते. पलंग पण पाठवू का?… मी टोमणा नाही मारत. सोयीचं बोलतेय."

शकुवहिनींनी पंख्याकडे पाहिलं. पंखा पाहण्यासारखा नव्हता, पण ऐकू येत असताना माणसाला कुठेतरी पाहावंच लागतं.

उत्तराबाईंचा आवाज खाली आला.

"अनुपमा, ऐक ना… मी या वेळी शेवटचं पान आधी नाही वाचलं. 'काळडोहाची राजकन्या'. पहिल्या पानापासून वाचलं, शपथ. पोळ्या लाटताना एकीकडे उघडं ठेवून… हो, पीठ लागलंय… म्हटलं, एकदा तिच्यासारखं वाचून बघू, तिला त्यात काय दिसतं ते. आणि गुंतले गं मी. ती कोळ्यांची पोर, माशांशी बोलणारी, ती सगळ्यांना वाचवते आणि शेवटी स्वतः डोहात उडी घेऊन बुडून मरते, तेव्हा मला इतकं… हॅलो?… अनुपमा?… हॅलो?… गप्प का झालीस?"

"कोण ओरडलं ते?… माणिक?… ती तिथेच बसलीय?… पहिल्यापासून? रिसीव्हर दोघींच्या मधे धरलायस?… अगं मग सांगायचंस नाही का! बाई बाई बाई!"

मुलीला फोनवर बोलावू नकोस म्हणणाऱ्या उत्तराबाईंशी बोलायला आता मुलगीच फोनवर आली. पुढचं मिनिटभर त्यांच्या वाट्याला एकच एक शब्द आला.

"हो… हो… हो गं… हो… चुकलंच… हो… नाही, मुद्दाम नाही… हो…"

"माणिक, ऐक तरी. कितव्या पानावर आहात दोघी?… एकशे ऐंशी? मग झालंच की, बाराच पानं राहिली… अठ्ठावीस कशी?… माझ्याकडे एकशे ब्याण्णवला संपतं. तुझ्याकडे किती?… दोनशे आठ?… थांब, आणते."

पुस्तक तांदळाच्या डब्यामागे होतं. उत्तराबाईंनी ते दिवाणावर उघडलं. पान एकशे ब्याण्णव, मग पुठ्ठा, आणि दोहोंच्या मधे बाइंडिंगच्या दोऱ्याचं लोंबणारं टोक.

"माणिक… सोळा पानं सुटलीत गं. अख्खा फर्मा… शेवटचं वाक्य?… 'पाण्याने तिला कवेत घेतलं आणि'… नाही, पुढे काही नाही. 'आणि'वरच संपलंय… अगं मला वाटलं, नव्या पद्धतीचं लिहिणं असेल! तुझी मावशीच म्हणते ना, शेवट मोकळा सोडावा. म्हटलं, सोडला असेल… हसा. दोघी हसा… हो, रडले मी. पोळी करपली त्या 'आणि'पायी. आता मला काय ठाऊक, ती जिवंत असेल म्हणून!"

पलीकडून हसू ऐकू आलं. पण या खेपेस ते अनुपमाचं नव्हतं, आणि उत्तराबाईंनी रिसीव्हर लांब धरला नाही. उलट कानावर दाबला.

"अनुपमा काय करतेय?… पुस्तक हातात घेतलंय?… शेवटचं पान बघून सांगते म्हणते? नको! माणिक, काढून घे तिच्या हातातून! सांगू नका मला कुणी. ए, बंद करा ते… शकुवहिनी, हो, ठेवतेच आहे… नाही, अजून बुडालेली नाही, काही कळत नाही."

"माणिक, तू असं कर. पुस्तक घेऊन सरळ घरी ये. आत्ताच… तू वाच, मी ऐकते. एकशे ऐंशीपासून… महिनाभराचं काय ते आल्यावर बोलू… काय म्हणतेस? मावशी पण येते?… कशाला?… तिघींनी मिळून?… नको गं, एवढ्या उन्हात तिला कुठे… आणि आपल्या दिवाणावर दोघीच मावतात."

"तिच्या नावावर आहे पुस्तक? असू दे की, परत करू… तिचं अर्धवट राहील?… राहू दे थोडं. तिला म्हणावं, जीव टांगणीला लावून घेऊ नकोस. रात्री फोन करून शेवट मी सांगते."

असं म्हणून उत्तराबाईंनी फोन ठेवला.