आक्कांनी गाडीची खोड विचारली

बसा, बसा मंडळी. पुढची सतरंजी पोरांची. मोठ्यांनी जरा मागं सरकायचं — तुम्ही पुष्कळ ऐकलंय, वागायचं तेवढं राहिलंय! पोरांचं अजून दोन्ही व्हायचंय.

तर बाळांनो, आजचा प्रश्न अगदी सोपा. ज्याच्यात एकही दोष नाही, अशी एक वस्तू सांगा बघू!

काय म्हणालीस ग? आंबा? आंब्याला कोय असते की! निम्मा आंबा तीच खाते! तू रे? सायकल? ती पंक्चर होते. आणि तो कोपऱ्यातला काय म्हणतोय... "मी"? वा! राजे, तुमच्या आईसाहेब मागं बसल्यात. विचारू का त्यांना?

हसलात ना? मग आता खरा प्रश्न घ्या. दोष नसलेली वस्तू जगात नाही, हे ठरलं. तर मग आपलं म्हणायचं ते कशाच्या भरवशावर? गुण पाहून, की दोष जाणून? उत्तर मी देणार नाही. उत्तर देणार आहे सत्त्याहत्तर वर्षांची एक म्हातारी — आणि एक छोटी मोटार!

होय, मोटारच! दर वेळी रथच कशाला पाहिजे?

साताऱ्यात एका अरुंद बोळात यमुनाक्का जगदाळे राहायच्या. त्यांचे मालक दाजीबा बैलांचे व्यापारी. देवाघरी जाऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण त्यांचा एक नियम आक्कांनी जपला होता. दाजीबांच्या दावणीचा बैल घ्यायचा, तर आधी दाजीबा त्याची खोड सांगायचे. हा वळणावर उजवीकडे ओढतो. हा पावसात बुजतो. हा चाऱ्याला हावरा आहे. आणि घेणाऱ्यानं ती खोड स्वतःच्या तोंडानं परत म्हणून दाखवायची! मगच कासरा हातात. ऐकणारा चुकला, तर दाजीबा कासरा मागं घ्यायचे. "खोड पाठ नाही त्याला बैल नाही!"

आक्कांचे दोन्ही गुडघे बदललेले. घरात काठीवर ताठ चालायच्या, पण वाहनाशी वाकडं! शेजाऱ्यांची मोटार इतकी बुटकी, की बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. भाच्याची जीप इतकी उंच, की चढायचं म्हणजे माळ्यावर जायचं. मुलगा श्रीरंग म्हणायचा, "आक्का, मी उचलून बसवतो की." आक्का ताडकन म्हणायच्या, "मला उचलायचं ते एकदाच, नि तेबी चौघांनी! तवर हात लावायचा न्हाई."



आणि जायचं कुठं होतं? कोंडबेंदला. डोंगरातली पंधरा-वीस घरांची वाडी. तिथं आक्कांची धाकटी बहीण होती, चंपाक्का. तिची नजर गेलेली, तिला घर सोडवत नव्हतं. हिला वाहनात बसवत नव्हतं. तीन वर्षं दोघी बहिणी फोनवर भेटत होत्या. मंडळी, फोनवर आवाज येतो — पाठीवरून हात फिरतो का?

शेवटी श्रीरंगची बायको नलिनी म्हणाली, "अहो, गाडी आपण घेऊ, पण आक्कांच्या कमरेच्या मापाची घेऊ."

कमरेच्या मापाची! हे बघा, शहाणपण किती साधं असतं.

गेले तिघं शोरूममध्ये. तिथं एक गाडी उभी होती. लांबीला चार मीटरच्या आत, पण बांधा उंच. अंग मोटारीचं, तोंडवळा जीपचा. त्याला म्हणतात क्रॉसओव्हर. विकणारा तरुण होता पराग, मोठा गोड पोरगा. त्यानं सुरुवात केली, "आजी, हा बघा मोठा स्क्रीन! हे छताला काचेचं झाकण! मागं कॅमेरा! सहा एअरबॅग!"

आक्का सरळ गाडीपाशी गेल्या. दार उघडलं, पाठ सीटकडे केली, टेकल्या — आणि पाय आत घेतले. ना वाकणं, ना चढणं! सीट बरोब्बर कमरेला. घरच्या पलंगावर बसावं तशा बसल्या. नलिनीच्या डोळ्यांत पाणी!

पराग खूष. "मग काय आजी, बुक करू?"

आक्का म्हणाल्या, "बसणं तर जमलं. आता हिची खोड सांग."

"खोड? आजी, हिच्यात खोडच नाही!"

झालं! आक्का उतरल्या, काठी उचलली. "चल रं श्रीरंगा. बिनखोडीचं जनावर इकणारा एकतर लबाड असतो न्हाईतर अडाणी. हे पोरगं लबाड न्हाई दिसत."

श्रीरंग लाजेनं लाल! "आक्का, हा बैलबाजार आहे का?"

"मग काय देऊळ हाय?"

मागच्या दारात हात पुसत एक गृहस्थ उभे होते. मुलाणी मेस्त्री. वर्कशॉपात तीस वर्षं गेलेली. ते हसले आणि म्हणाले, "थांबा आक्का. मी सांगतो."

पराग डोळ्यांनी खुणावतोय — नको, नको! पण मेस्त्री एकेक बोट दुमडत म्हणाले, "एक. इंजिन लहान आहे. पाच माणसं, एसी चालू आणि समोर घाट, की धापा टाकणार. दोन. मागं दोघं ऐसपैस, तिसरा अंग चोरून. तीन. डिकीत दोन बॅगा. धान्याचं पोतं आणि पाहुण्याची ट्रंक एकावेळी मावत नाही. चार. हायवेला वेग वाढला की चाकांचा आवाज आत येतो, बोलणं मोठ्यानं करावं लागतं. आणि पाच, नीट ऐका. हिचं तोंड जीपचं आहे, पाय जीपचे नाहीत. ओढतात फक्त पुढची दोन चाकं. खड्डा, गतिरोधक, खडबडीत रस्ता हसत काढील. पण वाळूत, चिखलात घालू नका. बसेल."

आक्कांचा चेहरा असा खुलला! "आता गुण सांग."

"ते तुम्ही बसलात तेव्हाच कळले. शिवाय अरुंद बोळात वळेल, पोट घासणार नाही आणि पेट्रोल बेतानं पिते."

"चढाला लावा हिला. भरल्या गाडीनं."

बैल घेताना काय मोकळा पळवून बघतात? भरलेली गाडी जोडून चढाला लावतात! मग आक्का, श्रीरंग, नलिनी, मेस्त्री आणि बिचारा पराग मधल्या जागेवर अंग चोरून, असे पाचजण निघाले यवतेश्वरच्या घाटात! दुसऱ्या वळणाला गाडी धापा टाकायला लागली. श्रीरंग घाबरला. मेस्त्री मागून म्हणाले, "एसी बंद करा. दुसऱ्या गिअरवर या. दामटू नका, तिच्या दमानं चढू द्या तिला." तसं केलं — आणि गाडी संथपणे, तक्रार न करता, वर!

आक्का म्हणाल्या, "मान टाकली न्हाई. जनावर गुणाचं हाय."

आणि मंडळी, तिथं घाटमाथ्यावर त्यांनी श्रीरंगला उभं केलं. "म्हण पाच खोडी." पन्नाशीचा माणूस! बँकेत मोठा साहेब! शाळेतल्यासारखा उभा राहिला आणि पाचही खोडी घडाघडा म्हणून दाखवल्या. एक चूक नाही! आक्कांनी मान डोलावली. पंधरा दिवसांनी गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवली, हार घातला, किल्ली श्रीरंगच्या हातात.

पोरांनो, पाढे म्हणता ना? बे एके बे, बे दुणे चार. सात आठे? बघा, आता गप्प! सुरात म्हणता तेव्हा येतो. मध्येच विचारला की दांडी! श्रीरंगचं तसंच झालं.

कसं? तर गाडी बोळात आली आणि समोरचे घोरपडे गॅलरीतून ओरडले, "श्रीरंगराव, जीप घेतलीत की!" बास! एक शब्द! दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणीतरी म्हणालं, "साहेब, जीप जोरात आहे." श्रीरंग 'नाही हो, छोटी गाडी आहे' असं म्हणाला का? नाही! नुसता हसला. लोक गाडीला जीप म्हणत गेले, आणि हा स्वतःला काय समजायला लागला ते तुम्हीच ओळखा.

स्तुतीचं असंच असतं, मंडळी. दुसरा माणूस बोलून विसरून जातो आणि आपण मात्र तिथंच मुक्कामाला राहतो!

माघातला एक रविवार उजाडला. आक्का पहाटेपासून तयार. ठेवणीतलं लुगडं, मांडीवर तिळाच्या लाडवांचा डबा. डिकीत दोनच पिशव्या, आक्कांनी मोजून दिलेल्या. तिघंच माणसं. घाट आला, श्रीरंगनं एसी बंद केला, दुसरा गिअर घातला. गाडी चढली! हायवेला आक्का ओरडून बोलल्या, नलिनीनं ओरडून उत्तर दिलं. सगळं मेस्त्रींनी सांगितल्यासारखं! चार खोडी सांभाळल्या.

आणि आला कोंडबेंदचा ओढा.

पलीकडे घरं दिसतायत. अलीकडे गाड्या लावायची मोकळी जागा आहे. बाजूला पायी जायचा साकव, तीस-चाळीस पावलांचा. ओढ्यात पाणी घोट्याइतकं, पण तळाला वाळू. आक्का म्हणाल्या, "हितं थांबव. हितनं चालते मी."

श्रीरंग म्हणाला, "चालतेस कशाला? दारात उतरवतो! जीप आहे आपली!"

ऐकलंत? आपल्याच तोंडानं म्हणाला!

"श्रीरंगा, पाचवी खोड..."

"पाठ आहे ग!" म्हणाला — आणि घातली ना गाडी ओढ्यात!

सात-आठ हात गेली. पुढची चाकं गरगर फिरली. वाळू उडाली. आणि गाडी बसली! बसली म्हणजे कशी? म्हैस डोहात बसते तशी! तो जास्त दामटतोय, ती जास्त रुततेय. शेवटी इंजिन बंद केलं. सगळीकडे शांत. पलीकडे कोंबडा आरवला, तो सुद्धा श्रीरंगला टोमणा वाटला!

तीन वर्षं बहीण भेटली नाही. आता चाळीस पावलांवर आहे. आणि म्हातारी ओढ्यात अडकली! श्रीरंगचं तोंड उतरलं. दार उघडून धावत आला. "आक्का, चुकलो. थांब, उचलून नेतो तुला."

आक्का त्याच्याकडे बघून काय म्हणाल्या? सांगा की पोरांनो! आत्ताच तर ऐकलंत! हां, "ते एकदाच, नि चौघांनी!" शाबास!

त्यांनी दार उघडलं. पाय बाहेर घेतले. सीट कमरेला, वाळू पायाखाली. टेकल्या होत्या तशा सरळ उभ्या राहिल्या! एका हाताला काठी, दुसरा नलिनीच्या खांद्यावर. चार पावलं मागं काठावर आल्या आणि साकवावरून निघाल्या. टक... टक... टक...

पलीकडे अंगणात चंपाक्का बसली होती, शेजारी तिचा नातू पोपट. डोळ्यांनी दिसत नाही, पण कान? तिनं मान वर केली. "काठी कुणाची ही? दमादमानं टेकतीय, पर जोरात... पोपट, आरं, थोरली आली! माझी थोरली आली!"

आक्का जवळ गेल्या. चंपाक्कानं हातानं चाचपून आधी कपाळ बघितलं, मग खांदे, मग पाठ. पाठीवरून हात फिरला, मंडळी! तीन वर्षांचा फोन एका हातात संपला.

डोळे पुसून झाल्यावर चंपाक्का काय म्हणते? "यमे, एवढा मोटारीचा आवाज आला, नि तू चालत कशी?"

आक्का म्हणाल्या, "मोटार ओढ्यात बसलीय. तिचा काय दोष न्हाई ग. तिची खोड मला सांगितली हुती. माझ्या लेकाची कुणी सांगितली नव्हती!"

पोपट दोन बैल घेऊन ओढ्यावर गेला. श्रीरंग पुढच्या चाकाशी बसून हातानं वाळू उपसत होता. नव्या पँटीची रया गेलेली. पोपटनं दोर बांधला आणि म्हणाला, "काका, आधी सांगतो. डावा बैल वळताना झटका देतो. स्टिअरिंग घट्ट धरा."

श्रीरंग थांबला. सवयीनं मान डोलावणार होता. पण नाही. त्यानं पोपटकडे नीट बघितलं आणि सावकाश म्हणाला, "डावा झटका देतो. स्टिअरिंग घट्ट धरायचं." आणि धरलं! बैलांनी ओढलं, झटका आला, हात हलला नाही. गाडी काठावर!

मग साकवावरून चालत अंगणात आला. ओल्या पायांनी आईसमोर उभा राहिला. "आक्का, माझी खोड मी सांगतो. कुणी मला मोठं म्हटलं की माझे कान बंद होतात."

आक्का म्हणाल्या, "परत म्हण."

म्हणाला तो. परत म्हणाला. आक्कांनी डबा उघडला आणि पहिला लाडू त्याच्या हातात ठेवला. कासऱ्यासारखा!

म्हणून म्हणतो, माझ्या मागं म्हणा —

गुण सांगे बाजार । खोड सांगे वाट ।
दोन्ही ध्यानी धरी । तोचि चढे घाट ॥

मंडळी, गाडी तीच होती. कमरेला सीट होती म्हणून आक्का कोंडबेंदला पोचल्या आणि ओढ्यातूनही स्वतःच्या पायांनी उतरल्या. पुढचीच चाकं ओढतात म्हणून ती वाळूत बसली. गुण खोटा नव्हता, दोषही खोटा नव्हता. खोटा होता तो शब्द — 'जीप'! छोट्या गाडीला छोटी गाडी म्हणा, ती तुम्हाला बहिणीच्या दारापर्यंत नेईल. तिला जीप म्हणा, ती ओढ्यात बसेल. आणि हे काय फक्त गाडीचं आहे का हो? लेकराला जीप म्हणता तुम्ही! जावयाला जीप म्हणता! आरशात बघून कुणाला म्हणता, ते विचारत नाही मी. लहान लेकरं बसलीत.

आता पोरांनो, तुमचा अभ्यास. घरी जाताना आईचं किंवा आजीचं बोट धरायचं आणि स्वतःची एक खोड सांगायची. एकच! ती ओरडणार नाही, मी इथून बघतोय. आणि आयांनो, तुम्हीही एक सांगायची. फुकट ऐकायची नाही!

माझी? माझीही खोड आहे, सांगतो की. मला लेकरं समोर दिसली की थांबता येत नाही. हे पेटीवाले बुवा गेली वीस मिनिटं 'आवरा' म्हणून माझ्याकडे बघतायत, ते उगाच नाही.

खोड सांगून झाली. आता ती सांभाळतो.

थांबलो.