होई आनची 'आई'

तुम्ही तिघांनी ऐन टायमावर टांग दिली, म्हणून मी एकटाच व्हिएतनामले गेलो ना बे! होई आन, समुद्राकाठचं जुनं गाव. पैसे कमी, म्हणून एका म्हातारीच्या घरची सर्वात स्वस्त खोली घेतली. संध्याकाळी फिरून आलो, तं दारातच ठेच लागली. मी ओरडलो, "आई वं!"

आतून म्हातारी म्हणे, "आई? आई?"

मले भरूनच आलं. म्हटलं, इले मराठी येते का काय?

तिची नात हसून इंग्रजीत म्हणाली, "आमच्या भाषेत 'आई' म्हणजे 'कोण'. आजी विचारून राहिली, कोण आलं?"

माही आईबी आतून हेच विचारे, "कोण हाये?" ती गेल्यापासून नागपुरात दाराचं कुलूप मीच उघडतो.